सातच मावतात

“सरपंचांनी मधल्या खुर्चीत बसावं,” मी म्हणाले, आणि सरपंचबाईंचा नवरा येऊन बसला.

कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. त्यांच्या एका हाताला उपसरपंच बसले, दुसऱ्या हाताला ग्रामसेवक, आणि उरलेल्या खुर्च्या सोसायटीचे चेअरमन, निवृत्त मुख्याध्यापक आणि असेच दोन-तीन वजनदार लोक यांनी धरल्या. मागे जागा सापडेल तसे बाकीचे दाटीवाटीने उभे राहिले. अगदी टोकाला, भिंतीला खेटून कौसल्याकाकू उभ्या होत्या. हिंगणखोरी गावच्या सरपंच त्या होत्या. मोतिया रंगाची नवी साडी, डोक्यावर पदर आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली काळी पर्स.

काकूंचे यजमान हणमंततात्या. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा त्यांनी बायकोला उभं केलं, निवडून आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः ऑफिसात जाऊन बसायला लागले. पाच वर्षं अख्खा गाव त्यांनाच सरपंच म्हणत होता. त्यामुळे माझी हाक ऐकून ते खुर्चीत येऊन बसले, यात त्यांचा काही डाव नव्हता. हाक आपल्यालाच आहे असं त्यांना मनापासून वाटलं. मला त्याचाच जास्त राग आला.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. तालुक्याच्या गावी वसंत पेंटरांकडे फोटोग्राफी शिकत होते. पेंटर पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि त्यांनी ब्रश ठेवून कॅमेरा हातात घेतला. माझ्याकडे मामेभावाने वापरून दिलेला कॅमेरा होता आणि दोन लेन्स. एक कॅमेऱ्याबरोबरच आलेली, तिला सगळे किट लेन्स म्हणतात. प्लॅस्टिकची, वजनाला हलकी आणि मोठमोठ्या लेन्सवाल्यांच्या चेष्टेचा विषय. एका बाजूला फिरवली की ती अख्खा मांडव आत घेते, दुसऱ्या बाजूला फिरवली की थोडं जवळचं दाखवते. उजेडात तिच्यासारखी गुणाची नाही. पण अंधाऱ्या हॉलमध्ये तिचं काही चालत नाही. चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात, आणि पुष्कळ माणसं एकदम घ्यायला गेलं की टोकाची माणसं आडवी ताणली जातात. पेंटर म्हणायचे, “टोकाला सायेब उभा करू नको नसीम. हंडा दिसतो.”

दुसरी पन्नास एमएमची, आम्ही तिला नुसती पन्नासची म्हणतो. बुटकी, मुठीत मावेल एवढी. तिला अंधारातही दिसतं. चेहरा असा उजळून देते की ज्याचा असतो तोही जरा वेळ बघत राहतो. पण तिला झूम नाही. जास्त माणसं हवी असतील तर आपणच मागे मागे चालत जायचं, पाठ भिंतीला लागेपर्यंत. भिंत लागल्यावरही माणसं मावली नाहीत, तर ती मावत नाहीत. तिथे विषय संपतो.

काकूंचा फोन आला तेव्हा त्यांनी हीच लेन्स मागितली होती. हिंगणखोरीत रिवाज आहे की पंचायतीची पाच वर्षं संपली की ग्रुप फोटो काढायचा, चौकटीत बसवायचा आणि सभागृहाच्या भिंतीवर लावायचा. अगदी पहिल्या पंचायतीपासूनचे फोटो जुन्या सभागृहातून आणून तिथे ओळीने लावलेत, आणि एकदा ओळीत आलेला फोटो कुणी काढत नाही. दर फोटोत मधल्या खुर्चीत बसलेला माणूस सरपंच, एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. खाली नाव वाचायची गरज पडत नाही. काकूंची मुदत संपत आली होती.

“तूच ये,” काकू फोनवर म्हणाल्या. “आन् ते बुटकं भिंग आण. मान्सं मावत न्हाईत ते.”

मी हसले. म्हटलं, काकू, ग्रुपला ती चालत नाही, ग्रुपला दुसरी लागते. त्या म्हणाल्या, “तू आण तर,” आणि फोन ठेवला. मला वाटलं, बाईंना यातलं काही कळत नाही. दोन्ही लेन्स पिशवीत टाकल्या, खांद्यावर स्टँड घेतला आणि एसटीने गेले.

बाहेर अंगणात लख्ख ऊन होतं. किट लेन्सने तिथे झकास फोटो आला असता आणि पुढचं काही घडलंच नसतं. पण तात्यांनी ऐकलं नाही. नवं सभागृह त्यांनी उभं केलं होतं, निदान दारावरची संगमरवरी पाटी तसं म्हणत होती. पाटीवर ‘हणमंतराव जगदाळे यांच्या अथक प्रयत्नांतून’ हे लांबून वाचता येत होतं, आणि त्याखाली सरपंचांचं नाव होतं, ते वाचायला वाकावं लागत होतं. तर फोटो आतच हवा, मागे नव्या टाइल्स दिसल्या पाहिजेत. आत दोन ट्यूब होत्या आणि त्यातली एक फडफडत होती. फ्लॅश टाकला तर टाइल्सवर पांढरा डाग पडायचा.

तात्या माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. आल्या आल्या त्यांनी मला चहा पाजला, वडिलांचं पानाचं दुकान कसं चाललंय ते विचारलं, पोरगी एकटी एसटीने आली म्हणून कौतुक केलं. आवाजात गोडवा होता. फक्त काकू काही बोलायला लागल्या की त्यांचं वाक्य तात्या पुरं करत. काकू म्हणाल्या, “वस्तीवरच्या नळाच्या वक्ताला मी तालुक्याला...” तात्या म्हणाले, “तालुक्याला आपन दोन दिवस बसून होतो, तवा पाइप सुटले.” वस्तीवर राहणाऱ्या लोंढेबाई, पंचायतीच्या दुसऱ्या बाई सदस्य, माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “ह्ये कुठं बसलं हुतं? आमी दोगीच हुतो.”

तर मी किट लेन्स लावली, पाठ भिंतीला टेकवली आणि सगळ्यांना आत घेऊन फोटो काढला. सगळे स्क्रीन बघायला गोळा झाले. तात्या मधोमध रुबाबात दिसत होते. त्यांना फोटो पसंत पडला. काकू सगळ्यांच्या मागून आल्या. पुढच्यांनी त्यांना वाट दिली नाही, म्हणून मीच कॅमेरा गळ्यातून काढून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. टोकाला एक ताणलेली, रुंद बाई होती. चेहऱ्यावर ठिपके, अर्धा खांदा चौकटीबाहेर, आणि पर्स मात्र चेहऱ्यापेक्षा स्पष्ट.

“ही मी हाय?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, टोकाला असंच येतं काकू, लेन्सचा दोष आहे.

“लेन्सचा,” त्या म्हणाल्या. मग मान वर करून भिंतीवरच्या चौकटींकडे पाहिलं. तात्यांच्या वडिलांचाही फोटो तिथे होता, मधल्या खुर्चीत. सगळ्यात शेवटी एक खिळा आधीच ठोकून ठेवला होता. त्या खिळ्याकडे बघत त्यांनी विचारलं, “बुटकं आनलंयस न्हवं?”

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या भाचीच्या लग्नात मी फोटो काढत होते. नवरीच्या खोलीत खिडकी नव्हती, म्हणून पन्नासची लावली होती. बायका म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना घे. मी म्हटलं, सगळ्या नाही मावणार, निम्म्या बाहेर व्हा. हसाहशी झाली. काकू कोपऱ्यातल्या गादीवर बसल्या होत्या. त्यांनी लेन्स हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं की मग कुणाला बाहेर काढायचं, ते कोण ठरवतं. मी घाईत होते. फोटोवाला ठरवतो, असं म्हणून मोकळी झाले. त्यांनी ते जपून ठेवलं होतं.

मी किट लेन्स काढून पिशवीत टाकली आणि पन्नासची चढवली. तात्यांना सांगितलं की अंधारामुळे पहिला फोटो खराब आलाय, चौकटीएवढा मोठा केला तर चेहरे ओळखू येणार नाहीत. ही लेन्स उजेड जास्त घेते, फोटो हिनेच काढावा लागेल. पण हिच्यात माणसं कमी मावतात.

“किती?” तात्यांनी विचारलं.

“सात.”

“मग बाकीची?”

“बाकीचे बाहेर.”

तात्या हसले, परत मधल्या खुर्चीत जाऊन बसले आणि निवडायला लागले. ते स्वतः, उपसरपंच, चेअरमन, मुख्याध्यापक. चार बोटं मिटून झाली तरी बायकोकडे नजर गेली नव्हती. पाचवं बोट ग्रामसेवकावर आलं तेव्हा मला राहवलं नाही.

मी म्हटलं, “निवडायची गरजच नाही तात्या. बाहेर पंचायतीच्या फळ्यावर सदस्यांची सात नावं आहेत. पंचायत सातांचीच आहे.”

तात्यांचं बोट अर्धं मिटलेलं तसंच राहिलं. त्या सात नावांत त्यांचं नाव नव्हतं, आणि हे आजवर त्यांना कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

त्यांचा पुतण्या धैर्यशील पुण्यात शिकत होता. गळ्यात माझ्या तिप्पट किमतीचा कॅमेरा अडकवून तो मघापासून माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता. तो पुढे आला. म्हणाला, “काका, ही फेकतीय. पहिली लेन्स स्टँडवर लावायची, सगळ्यांना सेकंदभर हलू नका म्हणायचं. अंधारातसुद्धा येतो फोटो. स्टँड तर हिच्या खांद्यालाच आहे.”

तो बरोबर बोलत होता. स्टँड लावून, सगळ्यांना मूर्तीसारखं बसवून किट लेन्सनेही बरा फोटो निघाला असता. टोकाची माणसं ताणली गेली असती, पण निघाला असता. मला ते माहीत होतं आणि मी ते सांगितलं नव्हतं. आजही तशीच वेळ आली, तर मी सांगणार नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. आता लेन्सच्या आड लपायला जागा उरली नव्हती.

“येतो,” मी म्हटलं. “पण मी काढणार नाही.”

तात्या खुर्चीतून उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. “पोरी, तुला बोलावलंय कशाला? फोटो काढायला का पंचायत चालवायला?”

“फोटो काढायला. पंचायतीचा.”

“आन् मी कोन हाय मग?”

मी म्हटलं, “तुम्ही सरपंचांचे यजमान आहात.”

मागून कुणीतरी खोकलं. धैर्यशीलने आपल्या कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि म्हणाला की मी काढतो, हिला एसटीत बसवून द्या. तात्यांनी खिशातून मोबाइल काढला. वसंतालाच विचारतो, असलं पोर पाठवायला त्याला काय झालं होतं, असं काहीतरी पुटपुटत ते नंबर शोधायला लागले. पेंटरांचं निम्मं काम या भागातल्या लग्नांवर चालायचं, आणि या भागातली लग्नं तात्यांच्या शब्दावर. मला पेंटरांचा चेहरा दिसायला लागला. तरी मी लेन्स बदलली नाही.

“त्येला कशाला फोन?” काकू म्हणाल्या. “पोरीला मी बोलावलंय.”

त्या भिंतीपासून निघाल्या. मधल्या माणसांनी या वेळी वाट दिली. खुर्चीसमोर येऊन त्या उभ्या राहिल्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

“कुनाला भाईर काडायचं ते कोन ठरवतं म्हनली होतीस, लग्नात?”

“फोटोवाला.”

“मग ठरव की.”

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम त्यांनी माझ्यावर ढकललं, असं क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, त्या पाच वर्षं या दाराशी येऊन परत जात होत्या, आणि आज उंबऱ्यात त्यांना एकच माणूस सोबतीला हवा होता. कुणीही चाललं असतं. मी होते.

“तात्या,” मी म्हटलं, “तुम्ही उठा.”

तात्या माझ्याकडे नव्हे, बायकोकडे बघायला लागले. ही पोरगी काय बोलतेय बघ, असं काहीसं त्या बघण्यात होतं. बाईने हसून वेळ मारून न्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा असणार. आजवर ती प्रत्येक वेळी पुरी झाली असणार.

“उठा,” काकू म्हणाल्या. “तिकडं पोरीच्या मागं उभं ऱ्हावा. पाच वर्सं समदं तुमालाच दिसलंय. आज मी नीट दिसतीया का बगा.”

आवाज अगदी घरातला होता, ताट वाढलंय म्हणून सांगावं तसा. त्यामुळेच तात्यांना त्याच्याशी भांडता आलं नाही. ते उठले. हसायचा प्रयत्न केला, पण त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही. ते निघाले तेव्हा काकूंनी हातातली पर्स त्यांच्यापुढे केली.

“हे धरा.”

त्यांनी धरली.

काकू आधी खुर्चीच्या कडेवर टेकल्या, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारख्या. मग मागे सरकल्या, पाठ टेकवली आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. शेजारच्या खुर्चीत आता चेअरमन येऊन बसले होते, लोंढेबाईंनी त्या खुर्चीकडे नुसतं पाहिलं. चेअरमन शहाणा माणूस, लगेच उठला, आणि त्याच्यामागोमाग बाकीचे खुर्च्यावालेही बाजूला झाले. त्या सरपंचांच्या शेजारी बसल्या. दुसऱ्या बाजूला एक म्हातारे सदस्य बसले, कुणी त्यांना खुर्ची देऊ केली होती याचाच त्यांना धक्का होता. उपसरपंच आणि उरलेले तिघे मागे उभे राहिले. मी मागे सरकत गेले, पाठ भिंतीला लागेपर्यंत. तात्या जरा बाजूला झाले आणि माझ्या खांद्याला लागून भिंतीशी उभे राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. लेन्समध्ये बघितलं, तर कडेला बोटभरही जागा उरत नव्हती. बरोबर सात.

ही लेन्स पूर्ण उघडली की तिला एकाच रांगेतलं स्पष्ट दिसतं, मागचं धूसर होतं. तो तिचा दुसरा दोष. मी लेन्सची नजर काकूंच्या चेहऱ्यावर पक्की केली आणि म्हटलं, सगळ्यांनी लेन्सकडे बघा. एक फोटो काढला, मग आणखी एक. मागे उभे असलेले उपसरपंच जरा धूसर आले. त्याची मला खंत नाही.

तात्यांनी पेंटरांना संध्याकाळी फोन केलाच. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर पेंटरांनी काय झालं ते विचारलं, मी सगळं सांगितलं. ते नुकताच ब्रश धुऊन ठेवल्यासारखे हात पुसत बसले. मग म्हणाले, “मावले का सात?”

“मावले.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि कामाला लागले. त्यानंतर त्या बाजूचं एकही लग्न आमच्याकडे आलं नाही. आम्ही दुसऱ्या बाजूची केली. उपाशी मेलो नाही.

पुढच्या वेळी सरपंचपद राखीव राहिलं नाही आणि तात्या स्वतः निवडून आले, अगदी खरेखुरे सरपंच झाले. त्यांच्या मुदतीचा फोटो धैर्यशीलने काढला. मोठ्या, महागड्या लेन्सने, सगळ्या गावाला आत घेऊन. आता त्या दोन चौकटी शेजारी शेजारी आहेत.

परवा एका कामासाठी हिंगणखोरीला गेले होते. आता माझ्याकडे तसल्या महाग लेन्स बऱ्याच आहेत, पण बुटकी अजून पिशवीत असते. तिथला नवा ग्रामसेवक तरुण आहे, हौशी आहे, त्याने नुकताच कॅमेरा घेतलाय. सुरुवातीला कोणती लेन्स घ्यावी, म्हणून त्याने मला विचारलं. मी भिंतीवरचा काकूंचा फोटो दाखवला. म्हटलं, हा पन्नासच्या लेन्सने काढलाय, स्वस्तातली आहे, बघ जमतंय का.

त्याने जवळ जाऊन नीट पाहिलं. चेहरा फार छान आलाय म्हणाला. मग अवघडत म्हणाला की मॅडम, राग मानू नका, पण बाईंची नजर चुकलीय. बाकीचे सहा लेन्सकडे बघतायत, आणि सरपंच लेन्सच्या वर, बाजूला कुठेतरी. दुसरा काढला नव्हता का?

काढला होता. त्यात त्या लेन्सकडेच बघत होत्या, नजर अगदी सरळ. मी दोन्ही काकूंना दाखवले होते आणि हा त्यांनी निवडला होता.

मी त्याला एवढंच सांगितलं की नजर चुकलेली नाही. पलीकडे माझ्या खांद्याशी त्यांची पर्स धरून कोण उभं होतं, ते फोटोत नाही. त्या लेन्समध्ये सातच मावतात.